देवघराचा पहिला नग फुगला, आता दुसरा करा

प्रश्न असा आला आहे: "नाशिकमधल्या एका मेकरस्पेसचा मी आठ महिन्यांपासून सदस्य आहे. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, सुतारकामाचं टेबल, सोल्डरिंगचा कोपरा, सगळं वापरायला मिळतं. बाकीच्यांनी केलेल्या वस्तू बघून हुरूप येतो, पण माझ्या नावावर चार अर्धवट वस्तू पडून आहेत. आईसाठी एमडीएफचं (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या शीटचं) देवघर लेझरवर कापलं, त्याचे जोड ढिले राहिले आणि पावसाळ्यात तळ फुगला. वस्तू कशी निवडावी? आणि आधी कोणतं यंत्र शिकावं?"

यंत्राचं आधी सांगून मोकळा होतो. व्हर्नियर कॅलिपर शिका. ते यंत्र नव्हे, मोजायचं साधं हत्यार आहे हे मलाही ठाऊक आहे. पण तुमचे जोड ढिले राहिले ते लेझर चालवता येत नाही म्हणून नव्हे, शीट मोजलं नाही म्हणून. वस्तू कशी निवडावी याचं उत्तर मात्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या विभागात, मी एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून आठवड्यातले तीन दिवस अशाच एका सामुदायिक कार्यशाळेत जातो. हत्यारांना धार लावतो, नवीन पोरांवर ओरडतो. टूलरूममध्ये नवा डाय, म्हणजे साचा, तयार झाला की त्यातून पहिला नग काढतात, त्याला ट्रायल म्हणतात. तो गिऱ्हाइकाकडे जातच नाही. त्याची मापं घेतात, चुकलेल्या जागी मार्करने गोल करतात आणि डाय परत उघडतात. मग दुसरी ट्रायल, तिसरी ट्रायल. पहिला नग बरोबर आला तर आमचे फोरमन खूश व्हायच्या ऐवजी संशयाने बघायचे, की मोजणाऱ्याने नीट मोजलं का! मेकरस्पेसमध्ये आल्यावर मला जाणवलं की इथे लोक ट्रायललाच वस्तू समजतात. सगळं शीट, सगळे पैसे आणि सगळा उत्साह पहिल्याच नगात ओततात, आणि तो फसला की टेबलाखाली सरकवून नवीन काहीतरी सुरू करतात. तुमच्या चारही वस्तू माझ्या हिशोबाने पहिल्या ट्रायली आहेत, जरा महागात पडलेल्या.

आता आमच्याकडच्या सदस्यांनी काय काय केलं आणि ते कुठे अडकलं, ते सांगतो.

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्याकडे आकाशकंदिलांची जत्रा असते. लेझरवर जाळी कापायची, खाचेत खाच बसवायची, आतून घोटीव कागद लावायचा. नवीन सदस्याला पहिली वस्तू म्हणून हीच सुचते आणि हीच त्याला फसवते. दुकानदार ज्याला तीन मिलिमीटरचा एमडीएफ म्हणतो तो बहुतेकदा तीनचा नसतो. व्हर्नियर लावा, २.८ निघेल, कधी २.७, आणि एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांतही फरक सापडेल. शिवाय लेझरचा किरण जिथून जातो तिथला माल जाळून खातो. आमच्या यंत्रावर ही खादाडी साधारण ०.१५ मिलिमीटर आहे. भिंग मळलं, वेग बदलला, शीट बदललं की तीही बदलते. आता हिशोब करा. तुम्ही संगणकावर ३ मिलिमीटरची खाच आखली. किरणाचा मध्य रेषेवरून चालतो, म्हणजे खाचेच्या दोन्ही कडा अर्ध्या-अर्ध्याने आत खाल्ल्या गेल्या आणि खाच झाली ३.१५. शीट २.८. राहिला ०.३५ मिलिमीटरचा खुळखुळा. एका जोडाला हे खपून जातं. चोवीस जोडांच्या कंदिलात सगळा सांगाडा डुलायला लागतो आणि मग माणूस फेव्हिकॉलची बाटली उपडी करतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. त्याच शीटच्या टाकाऊ पट्टीवर खाचांचा कंगवा कापा: पहिली खाच २.५, पुढची २.५५, मग २.६, अशा वाढवत ३ पर्यंत. शीटचा एक तुकडा प्रत्येक खाचेत घालून बघा. अंगठ्याच्या दाबाने बसते आणि उलटं धरलं तर सुटत नाही, ती तुमची खाच. वरच्या हिशोबाने ती २.६५ च्या आसपास यायला हवी, पण हिशोबावर विसंबू नका, कंगव्यावर विसंबा. कंगव्यावर शीट कुठलं आणि कापल्याची तारीख लिहून तो भिंतीवर टांगायचा. आमच्या भिंतीवर असे डझनभर कंगवे लटकलेत. एका पाहुण्यांनी ती सजावट समजून फोटो काढून नेला.

थ्रीडी प्रिंटरचं थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एका सदस्याने स्कूटरवर मोबाईल धरायचा चिमटा केला. पहिला नग उभा छापला होता, तो पहिल्याच गतिरोधकावर थरांच्या जोडावर तुटला. छापलेली वस्तू थराथरांची असते, चपातीच्या पदरासारखी, आणि ताण थर उकलायच्या दिशेने आला की ती सुटते. दुसरा नग आडवा छापला, तो तुटला नाही, पण एप्रिलमध्ये कॉलेज रोडवर उन्हात गाडी लावून परत येईपर्यंत मान टाकून बसला. पीएलए नावाचं ते प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात काळं प्लॅस्टिक तिथपर्यंत सहज पोचतं. तिसरा नग पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकचा, तो साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतो. तो अजून गाडीवर आहे. तीन नग, दोन आठवडे आणि मालाचा खर्च एका वडापावच्या पार्टीपेक्षा कमी. यात नाउमेद होण्यासारखं काय आहे?

तांब्याच्या दिव्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्याकडे झालेल्या वस्तूंपैकी मला सगळ्यात आवडलेली ती आहे आणि ती कुठल्याच यंत्रावर झालेली नाही.

आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी भिंतीवर लावायचा दिवा करायला आली. तिला पत्र्यावर ठोक्याठोक्यांची नक्षी हवी होती, म्हणजे मठारलेला पत्रा. तांब्याचा पत्रा घेऊन ती ठोकायला बसली आणि तासाभरात कड चिरली. मला विचारलं. मी हत्यारांच्या पोलादात आयुष्य घालवलेला माणूस. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. तिला ठामपणे सांगितलं, "तापवून मऊ कर, पण पाण्यात अजिबात घालू नकोस, सावकाश गार होऊ दे." तिने तसं केलं. गार व्हायला वेळ लागायचा, वर काळी खपली धरायची, ती घासता घासता हात दुखायचे. कंटाळून ती काम सोडायच्या बेताला आली.

नाशिकमध्ये राहून तांब्याचं माझ्यासारख्याला विचारायचंच कशाला, हे आम्हा दोघांनाही उशिरा सुचलं. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे. गेलो तिकडे. भांड्यांच्या कामात हयात घालवलेल्या एका काकांनी तिचा पत्रा हातात घेतला, जरासा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "ठोकून ठोकून दमलाय हा. ताव कमी पडतोय, पोरी." त्यांनी तो मंद लाल होईपर्यंत तापवला आणि थेट बादलीत बुडवला. मी चरकलो. बाहेर काढला तर पत्रा चामड्यासारखा वाकत होता आणि काळी खपली निम्मी पाण्यातच गळाली होती. उरलेली त्यांनी चिंचेच्या कोळाने काढली.

घरी येऊन डोकं शांत झाल्यावर उलगडा झाला. तांबं ठोकलं की त्याचे आतले स्फटिक एकमेकांत अडकून बसतात आणि धातू ताठ होतो. आणखी ठोकलं की चिरतो. मंद लाल तापवलं की ते स्फटिक नव्याने जुळतात, धातू पुन्हा मऊ. पोलादाचं कडक होणं वेगळं, ते त्यातल्या कार्बनमुळे. झटकन गार केल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आतच अडकतो. शुद्ध तांब्यात तसलं काही नाही, त्यामुळे पाण्यात घाला किंवा हवेत ठेवा, मऊपणा तोच. एकतीस वर्षांचा अनुभव एका धातूचा होता आणि मी तो दुसऱ्या धातूला लावत होतो. त्या मुलीने मला हे बोलून दाखवलं नाही, तिच्यावर संस्कार चांगले आहेत.

काकांनी आणखी एक सांगितलं, ते टूलरूमवाल्यालाही लगेच पटलं. हातोडीचं तोंड आरशासारखं घासून घ्या. तोंडावर एक ओरखडा असेल तर प्रत्येक ठोक्याबरोबर तो पत्र्यावर उमटतो आणि मग कितीही पॉलिश केलं तरी जात नाही. मुलीने मग मोठ्या पत्र्याला हात लावला नाही. तळहाताएवढ्या चकत्या कापल्या आणि त्यांच्यावर हात बसवला. पहिल्या दोन चकत्यांवर ठोके पावसाच्या थेंबांसारखे सैरावैरा, चौथ्या-पाचव्या चकतीवर ओळीत यायला लागले. सहाव्यानंतर तिने मोठा पत्रा घेतला. दिवा लागला आहे, घरी वीज जोडताना अर्थिंगची तार तिने मला दाखवूनच लावली. (धातूचा दिवा म्हटल्यावर ती हवीच. ती न लावता दिवा घेऊन जाणाऱ्याला मी दारातून परत बोलावतो.) चिरलेला पहिला पत्रा आमच्या टेबलावर पेनं ठेवायला आहे.

तिचं बघून दोघांनी घरच्या पितळी पातेल्याला कल्हई करायचं मनावर घेतलं. कल्हईचं कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे काम अवघड वाटत नाही. नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचं, बस. पण त्यातल्या एकाने कथील मिळेना म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डरची तार वितळवायला घेतली. साध्या ६०/४० तारेत चाळीस टक्के शिसं असतं. ते पातेल्यात लावून त्यात आमटी उकळायची? मी पातेलंच काढून घेतलं. खाण्याच्या भांड्याला शुद्ध कथील मिळेपर्यंत थांबा, नाहीतर सरळ कल्हईवाल्याला पैसे द्या.

आता निवडीबद्दल. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी गावाला खरोखर लागणारी कामं करत करत शिकायचं, ही तिथली पद्धत. २००२ मध्ये, मेकरस्पेस हा शब्द आपल्याकडे कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकी यंत्रांवर वस्तू घडवायची कार्यशाळा, उभी राहिली, जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. मला त्यातलं "लागणारी कामं" एवढंच उचलावंसं वाटतं. ज्या वस्तूची कुणीतरी वाट बघतंय ती पूर्ण होते, कारण पहिला नग फसल्यावर तो माणूस विचारतो, "मग? पुढे काय केलंस?" इंटरनेटवर बघून सुरू केलेल्या घड्याळाबद्दल कुणी विचारत नाही.

आमच्या एका सदस्याच्या वडिलांना पक्षाघातानंतर उजव्या हाताची मूठ पूर्ण वळत नव्हती. चमचा बोटांतून निसटायचा. मुलाने जाड मुठीचा चमचा छापायचं ठरवलं. मी आधीच सांगितलं, तोंडात जाणारा भाग छापू नकोस, थरांच्या फटींत अन्न अडकतं आणि घासून निघत नाही. स्टीलचा चमचा ठेव, फक्त मूठ छाप. पहिली मूठ बोटांच्या खाचांसहित, दिसायला देखणी. वडिलांनी धरली आणि ठेवून दिली. बोटं त्या खाचांत बसतच नव्हती, कारण खाचा मुलाच्या हाताच्या होत्या. दुसरी गुळगुळीत केली, ती तेलकट हातात फिरायची. तिसरी जड झाली. चौथ्या वेळी आई मध्ये पडल्या. नातवाच्या जुन्या सायकलच्या हँडलचं रबरी कव्हर त्यांनी चमच्याच्या दांड्यावर चढवलं, आतली पोकळी फडक्याने भरली आणि म्हणाल्या, "हे बघा जमतंय का." जमलं. वडील त्याच चमच्याने वरणभात खातात. मुलगा दोन दिवस खट्टू होता. पुढे त्याने फडक्याच्या जागी बसेल असा आतला गाभा छापला, म्हणजे कव्हर धुवून परत घालता येतं. प्रिंटरचं काम एवढंच उरलं, आणि ते बरोबर ठिकाणी उरलं.

निफाडकडे द्राक्षबाग असलेल्या एका सदस्याचं कामही असंच वळणावळणाने गेलं. हिवाळ्यात तिकडे पारा फार खाली उतरतो, मणी तडकायची भीती असते, म्हणून शेतकरी पहाटे बागेला पाणी देतात, शेकोट्या पेटवतात. पण उठायचं कधी? याने पारा घसरला की मोबाईलवर संदेश येईल अशी पेटी केली. पहिली पेटी बंद प्लॅस्टिकच्या डब्यात होती. दुपारी डबा तापून भलतंच तापमान दाखवायची, पहाटे डब्यातली हवा बाहेरच्या हवेशी जुळायला वेळ घ्यायची. हवामान खात्याच्या पांढऱ्या झडपांच्या पेट्या तशा का असतात, हे त्या दिवशी आम्हाला समजलं. ऊन आणि उघडं आकाश अडवायचं, हवा मात्र खेळती ठेवायची. त्याने पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बश्या उपड्या, एकीखाली एक, मध्ये बोटभर फट ठेवून लांब बोल्टवर ओवल्या आणि सेन्सर मधल्या भोकात टांगला. दुसरा नग पार झाला.

मग पेटी संदेश पाठवायच्या क्षणी बंद पडायला लागली. टेबलावर बिनतक्रार चालायची, मळ्यात मान टाकायची. सिम घालून संदेश पाठवणारं स्वस्तातलं जीएसएम मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह ओढतं, आणि मळ्यात टॉवर लांब, म्हणून जास्तच ओढतं. बारीक तारांतून तेवढा प्रवाह जाताना विजेचा दाब कोसळतो आणि मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. जाड आणि आखूड तारा, मॉड्यूलच्या पायाशी क्षणापुरती वीज साठवणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तक्रार मिटली. जाता जाता सांगतो, ही मॉड्यूलं जुन्या २जी जाळ्यावर चालतात. ज्या कंपनीकडे २जी नाही तिचं सिम घालून आठ दिवस डोकं आपटणारे मी दोन पाहिलेत.

आपल्या गावात झालेल्या कामांपैकी जगभर गेलेलं एक काम याच जातीचं आहे. २००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. पुढच्या म्हणजे २०१५ च्या सिंहस्थाआधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन नावाचा उपक्रम झाला. त्यात निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने पावलं मोजणारी चटई केली. पाय पडला की दाबाने संकेत जातो, किती माणसं कुठून चाललीत ते लगेच कळतं, आणि गर्दी वळवता येते. कल्पना सांगायला दोन वाक्यं लागतात. गंगेवरून येणाऱ्या लाखो ओल्या पावलांखाली चटई टिकवायची, हे ज्याने कधी साधी डोअरबेल टिकाऊ केली आहे त्याला विचारा. (गंगा म्हणजे गोदावरी, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.)

लाकडाचं काम करायचं असेल तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपलं भाग्य मोठं आहे, यंत्रांच्या पेट्यांची आणि पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी तळाची) पाइनची फळी स्वस्तात मिळते. फक्त त्यावरचा शिक्का वाचा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं आणि बाजूला दोन इंग्रजी अक्षरं: एचटी म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरातल्या वस्तूला नको. रंध्याखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, एक तुटका खिळा पातं खलास करतो. आणि नाशिकचा पावसाळा ध्यानात ठेवा. फळी तंतूंच्या आडव्या अंगाने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, लांबीला जवळपास नाही. म्हणून स्टुलाची रुंद फळी चौकटीला चारही बाजूंनी पक्की चिकटवली तर ती मार्चमध्ये मधोमध तडकणार. स्क्रूची भोकं लांबट ठेवा, फळीला हलायला जागा द्या.

एक इशारा, कारण यात दुसरा नग करायची संधी मिळत नाही. लेझरवर पीव्हीसी घालू नका. एक ताई पर्स करायला "लेदर" घेऊन आल्या होत्या, ते निघालं रेक्झीन, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, छातीत जाते आणि यंत्राचे धातूचे भाग गंजवते. ओळखायची जुनी युक्ती अशी: उघड्या हवेत तांब्याची तार लाल तापवा, त्या मालाला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे, माल परत पिशवीत. ताईंनी मग पर्स हाताने शिवली, आणि खरं सांगायचं तर ती लेझरवरच्या पर्सपेक्षा चांगली झाली.

आणि काही वस्तू करूच नका. मिक्सरचा कपलर छापायला दर महिन्याला कुणीतरी येतं. तो गरम होतो, त्याच्यावर झटके बसतात, आणि बाजारात तो किरकोळ पैशांत मिळतो. तिथे तुमचे चार तास घालवू नका.

आता तुमचं देवघर. चारांपैकी तीन वस्तू विसरा, याची कुणीतरी वाट बघतंय. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबलेलं शीट. त्याच्या कापलेल्या कडा टिपकागदासारखं पाणी पितात. देवघराच्या तळावर रोज पाणी सांडणारच, ताम्हण कितीही मोठं घ्या. तळ आणि बाजू आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा) शिक्का असलेल्या प्लायवूडच्या किंवा सागवानाच्या करा, कडा पॉलिशने नीट बंद करा, खाली बोटभर उंचीचे पाय द्या म्हणजे पुसायला फडकं आत जाईल. जाड वॉटरप्रूफ प्लाय आपल्या छोट्या लेझरवर कापायला जाऊ नका, त्यातला गोंद नुसता जळतो आणि कड कोळशासारखी होते. ते करवतीचं काम. लेझरने फक्त समोरची जाळी कापा, तिला पाणी लागत नाही. कंगवा आधी.

छताचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. निरांजन पेटवून ज्योतीच्या वर हात धरा आणि किती उंचीवर धरवतो ते पट्टीने मोजा. छत त्याच्या बरंच वर हवं. तेवढी उंची मिळत नसेल तर छताखाली बोटभर अंतर सोडून तांब्याचा पत्रा लावा आणि मागच्या बाजूला गरम हवेला वाट ठेवा. पत्रा मठारायचा असेल तर ती आर्किटेक्चरवाली मुलगी शनिवारी असते, ती शिकवेल. मला विचारू नका.

पण हे सगळं नंतर. या आठवड्यात एखाद्या फ्रिजच्या दुकानातून मोठं खोकं मागून आणा आणि पूर्ण मापाचं देवघर पुठ्ठ्याचं करा, चिकटपट्टी लावून. ते घरात त्याच्या जागी ठेवा, दिवा न लावता, आणि आईंना आठ दिवस वापरू द्या. त्या पाटावर बसतात की उभ्याने पूजा करतात, घंटा कोणत्या हाताला हवी, फुलांची परडी कुठे ठेवतात, हात कुठे अडतो, हे बघत राहा. अडेल तिथे कात्रीने पुठ्ठा कापा, कमी पडेल तिथे जोडा. मग तो पुठ्ठा आणि जुना फुगलेला तळ, दोन्ही घेऊन कार्यशाळेत या. तळ कुठल्या कडेने पाणी प्यायला ते मला बघायचंय.